हाडाला कुंपण, माणसाला नोटीस?

गेल्या काही महिन्यांत वस्त्यांवरच्या बैठकांत एक प्रश्न परत परत येतोय. विहिरीच्या खोदकामात, नाल्याच्या दरडीत, नाहीतर नदीच्या खडीत दगड झालेलं हाड निघालं, तर ते सांगायचं का गुपचूप माती ओढून टाकायची? विचारणारा हळू आवाजातच विचारतो. त्याच्या मनात काय चाललंय ते सगळ्यांना कळतं. हाड सापडल्याचं बाहेर गेलं की साहेब येणार, मोजणी होणार, तार लागणार, अन् मग कसलेली जमीन आपली राहणार नाही. त्यापेक्षा हाड पुरलेलं बरं.

ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण हाड दाबून टाकणं हे त्या भीतीवरचं औषध नाही, असं आमचं ठाम मत आहे. हाड सांगावं, पण आधी ग्रामसभेला सांगावं. ते जपावं, अन् आपल्या हातानं जपावं. असं का म्हणतो ते या अंकात सविस्तर मांडतो.

आधी हे हाड असतं काय ते समजून घेऊ. जनावर मेलं की त्याचं हाड उन्हापावसात झिजून जातं, कोल्हं-कुत्रं नेतं, काही उरत नाही. पण एखादं जनावर नदीच्या गाळात लवकर गाडलं गेलं, तर जमिनीतल्या पाण्यातले क्षार त्या हाडाच्या बारीक भोकांत भरत जातात. हजारो वर्षांनी हाडाचा आकार तसाच राहतो अन् वजन दगडाचं होतं. यालाच पुस्तकात जीवाश्म म्हणतात. आपल्याकडं कुणी राक्षसाचं हाड म्हणतं, कुणी देवाचा दगड म्हणतं. नाव काहीही द्या, जुन्या काळाचा तो साक्षीदार आहे.

आपल्या बालाघाटाचा काळा दगड ज्वालामुखीच्या रसाचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळ्या पाषाणात मोठ्या जनावराची हाडं सहसा टिकत नाहीत. विहिरीत जे पांढरे चमकणारे खडे निघतात ते हाड नव्हे, ती दगडाच्या पोकळीत वाढलेली गार आहे. हाडं मिळतात ती नदीकाठच्या जुन्या गाळात, वाळू-खडीच्या घट्ट झालेल्या थरात. आपल्या पाटोद्याच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा पुढं लातूर जिल्ह्यात जाते. तिच्या काठच्या अशा थरांत हत्तीची, रानबैलाची अन् पाणघोड्याची दगड झालेली हाडं मिळालेली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यांच्यावर काम केलं आहे. पाणघोडा! आज उन्हाळ्यात जिच्या पात्रात माणसाला हंडाभर पाणी मिळत नाही, त्या मांजरेत एके काळी पाणघोडा डुंबत होता. दुष्काळ हा बीडच्या कपाळावर पहिल्या दिवसापासून लिहिलेला आहे असं जे सांगतात, त्यांना हे हाड दाखवावं.

गोदावरीचंही तसंच. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरला शंभर वर्षांपूर्वी जुन्या जातीच्या प्रचंड हत्तीची कवटी निघाली होती. प्रवरेच्या काठी नेवाशाला ह. धी. सांकलिया यांनी 1954 पासून खोदकाम केलं, तिथल्या परिसरात दगडी हत्यारं अन् रानबैलाची हाडं मिळाली. अन् आपल्या गेवराईच्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे पैठणच्या बाजूचं मुंगी गाव. 1860 च्या दशकात तिथं गोदावरीच्या खडीच्या थरात एका इंग्रज भूगर्भ-अधिकाऱ्याला गारेच्या दगडाचा एक छिलका मिळाला. तो माणसानं ठोकून काढलेला होता. ज्या थरात जनावरांची हाडं होती, त्याच थरात माणसाच्या हातची ही वस्तू होती.

ही मुंगीची गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवावी. जंगल म्हणजे जनावर, अन् माणूस म्हणजे अतिक्रमण, असं आपल्याला नेहमी ऐकवलं जातं. पण गोदावरीचा थर वेगळं सांगतो. हत्ती होता, रानबैल होता, तेव्हा माणूसही होता. दोघं एकाच नदीचं पाणी पीत होते अन् दोघांच्या खुणा एकाच मातीत गाडल्या गेल्या. माणूस नंतर घुसला असं ती माती म्हणत नाही.

आता नदीच्या खालच्या अंगाला जाऊ. आपली गोदावरी अन् तिला पुढं तेलंगणाच्या सीमेवर मिळणारी आपली मांजरा, दोघींचं पाणी गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याजवळून जातं. तो मुलूख गोंड-माडिया भावांचा. तिथला दगड आपल्यापेक्षा कितीतरी जुना, 17 ते 19 कोटी वर्षांपूर्वीच्या नदी-तळ्यांच्या गाळाचा. प्राणहिता नदीच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. तिथं दगडात माशांचे ठसे मिळाल्याचं 1850 च्या सुमारासच साहेबांच्या पुस्तकात छापून आलं. त्या गावावरून जगभरचे अभ्यासक त्या थराला कोटा थर म्हणतात.

पुढं 1960-61 च्या सुमारास पोचमपल्ली गावाजवळ कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी मोठं खोदकाम केलं. जवळपास 300 हाडं निघाली, कमीत कमी सहा जनावरांची. त्यांच्याबरोबर दगड झालेले झाडांचे मोठाले बुंधे होते. हे डायनोसॉर जातीचं, पाला खाणारं जनावर. लांबी साधारण 14 मीटर, नुसतं मांडीचं हाड माणसाच्या उंचीएवढं. 1975 साली त्याचं बारसं झालं: बारापासॉरस टागोराय. बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय. 1961 हे रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं म्हणून त्यांचंही नाव त्यात घातलं. त्याचा सांगाडा आज कोलकात्याला त्या संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. त्याच थरातलं दुसरं एक जनावर नदीपलीकडं यामनपल्ली गावाजवळ मिळालं. त्याच्या नावात त्या गावाचं नाव घातलं गेलं, पण त्याचा सांगाडा हैदराबादला बिर्ला केंद्रात आहे.

टागोर मोठे कवी, त्यांच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण विचार करा. हाड निघालं आमच्या गोंड भावांच्या मुलखात, नाव मिळालं बंगालचं, सांगाडा गेला कोलकात्याला. उन्हातान्हात दगड फोडणारे, टोपलं वाहणारे, इथं हाड दिसतं म्हणून दाखवणारे जे हात होते, त्यांच्या गावाला त्यातून काय मिळालं? खनिज जातं, बांबू जातो, तेंदूपान जातं, तसं हाडही गेलं. बाहेर नेलेल्या मालाची रॉयल्टी तरी कुठंतरी लिहिलेली असते. हाडाची तीही नाही.

आता त्याच सिरोंचा तालुक्यात वडधम इथं वनविभागानं जीवाश्म उद्यान केलं आहे. दगड झालेली झाडं अन् जनावरांचे अवशेष जागेवरच जपावेत असा त्याचा हेतू. हाड जिथं निघालं तिथंच राहिलं, गावातल्या पोरांनी ते बघितलं, ही गोष्ट कोलकात्याला नेण्यापेक्षा कधीही चांगली. आमचा विरोध जपण्याला नाही. कोण जपणार, कुणाला विचारून, अन् जपलेल्या जागेच्या शेजारच्या माणसाचं काय, एवढंच आम्ही विचारतो.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथं डायनोसॉरची हाडं मिळतात अन् त्याचबरोबर त्यांचं दगड झालेलं शेणही मिळतं. हसू नका. 2005 साली अभ्यासकांनी त्या शेणात गवताचे अगदी बारीक कण शोधून काढले, भात अन् बांबूच्या जवळच्या जातींचे. तोपर्यंत मोठमोठे लोक म्हणायचे की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच. पिसदुऱ्याच्या शेणानं ती पुस्तकं बदलायला लावली. म्हणून आम्ही सांगतो, आपल्या शिवारातला दगड क्षुल्लक समजू नका. तो कुठल्या थरात, कुठल्या बाजूला, कशाबरोबर पडला होता, यातच त्याची सगळी किंमत आहे. तो उचलून घरी आणला, बाजारात विकला, की साक्षीदाराची जीभ कापल्यासारखं होतं.

अन् एक उदाहरण भिल्ल मुलखातलं. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात पाडल्या गावाचे लोक शेतात सापडणारे गोल दगड पिढ्यानपिढ्या काकड भैरव म्हणून पुजत होते. शेताची अन् गुराढोरांची राखण करणारा देव. 2023 साली बातमी आली की लखनौच्या संस्थेच्या तज्ज्ञांनी ते दगड बघितले अन् ती डायनोसॉरची अंडी निघाली. पेपरवाल्यांनी थट्टा केली, अडाणी लोक अंड्याला देव म्हणत होते म्हणून. आम्हाला त्यात थट्टेसारखं काही दिसत नाही. काही कोटी वर्षांचं ते अंडं आज शाबूत आहे ते कुणामुळं? तिथं ना चौकीदार होता, ना तार, ना बोर्ड. शेंदूर लावला, नारळ फोडला, पोरांना सांगितलं की याला पाय लावायचा नाही, अन् दगड टिकला. यालाच संरक्षण म्हणतात. आपल्या लोकांनी ते कायद्याच्या कितीतरी आधी केलेलं आहे.

मग भीती कशाची? भीती 'संरक्षित' या शब्दाची. हा शब्द आपल्याला नवा नाही. 1994 साली आपल्याच पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य जाहीर झालं. मोर वाचावा असं आम्हालाही वाटतं. पण राज्यात कुठंही एखादी जागा संरक्षित झाली की आजूबाजूच्या वस्तीला पहिला प्रश्न हाच पडतो: उद्या शेळ्या कुठं चारायच्या, सरपण कुठून आणायचं, पोरगं करवंदं तोडायला गेलं तर त्याच्यावर केस होईल का? पारध्याच्या पोराला तर विचारायलाच नको. मोराचं पीस घरात सापडलं तरी संशय त्याच्यावर. उद्या हाडाचा तुकडा सापडला तर चोरीचा आळ कुणावर येईल ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

कायद्याचंही बघा. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयानं एका नव्या कायद्याचा मसुदा लोकांपुढं ठेवला. भूवारसा स्थळं अन् भू-अवशेष जपण्याचा कायदा. त्यात अशी स्थळं जाहीर करायची, गरज पडली तर जमीन संपादन करायची, अन् नासधूस करणाराला सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर 5 लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, अशी तरतूद मांडली होती. ज्याच्याकडं पाचशे रुपये सुटे नसतात त्याला 5 लाखांचा आकडा कसा ऐकू येतो ते मंत्रालयात बसून कळणार नाही. हाडांना कायदा पाहिजे हे आम्हाला मान्य आहे. पण असा कायदा करताना ग्रामसभेची संमती त्यात स्पष्ट शब्दांत लिहिली पाहिजे. जमीन कसणारा अन् गुरं चारणारा हा चोर नसून राखणदार आहे, असं मानूनच तो लिहिला पाहिजे.

अन् 13 फेब्रुवारी 2019 आठवा. ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले त्यांना जमिनीवरून काढा, असा आदेश सुप्रीम कोर्टानं दिला. देशभर आदिवासी रस्त्यावर उतरले, अन् 28 फेब्रुवारीला त्याच कोर्टानं आदेश थांबवला. पंधरा दिवस लाखो घरांत चूल नीट पेटली नसेल. ज्यांनी ते पंधरा दिवस काढले, त्यांना दगडाच्या हाडाची भीती वाटली तर त्यांना अडाणी म्हणू नये.

पण भीती असली तरी आपल्या हातात हत्यारही आहे. 2006 चा वनहक्क कायदा. बीड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा इथं लागत नाही. वनहक्क कायद्याला मात्र अशी अट नाही. जिथं वनजमीन आहे अन् तिच्यावर जगणारे लोक आहेत, तिथं तो लागतो. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवा.

पहिली, कलम 4 पोटकलम 5. दाव्याची तपासणी अन् मान्यता पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही. मोरासाठी नाही, हाडासाठीही नाही.

दुसरी, कलम 3. आपण परंपरेनं राखत आलेलं सामूहिक वन जपण्याचा, वाढवण्याचा अन् त्याचा कारभार बघण्याचा हक्क गावाचा आहे. जपणं हा उपकार नव्हे, हक्क आहे.

तिसरी, कलम 5. आपल्या सांस्कृतिक अन् नैसर्गिक वारशाला धक्का लावणाऱ्या कामांपासून आपला अधिवास वाचवण्याचा अधिकार ग्रामसभेला अन् हक्कधारकांना आहे. दगड झालेलं हाड हा नैसर्गिक वारसा नाही तर काय आहे?

चौथी, कलम 3 पोटकलम 2. ग्रामसभेनं शिफारस केली तर एक हेक्टरच्या आत वनजमीन गावाच्या कामाला देता येते. अशी 13 कामं मोजून दिली आहेत: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, रस्ता, तलाव अशी. त्या यादीत संग्रहालय नाही, उद्यान नाही, पर्यटकांचं हॉटेल तर नाहीच. म्हणून हाडाच्या नावाखाली कुणी जमीन मागायला आलं तर पहिला प्रश्न विचारा: कुठल्या कलमाखाली? अन् उत्तर लेखी मागा.

आता पुराव्याची गोष्ट. इथं आम्हाला राग येतो, तो लपवणार नाही. 17 कोटी वर्षांपूर्वीचं हाड निघालं तर त्याला कुणी रहिवासी दाखला मागत नाही. थर बघतात, माती बघतात, शेजारी काय पडलंय ते बघतात, अन् मान्य करतात की हे जनावर इथलंच. फार चांगलं. पण पारध्याचा पोरगा जातीच्या दाखल्याला गेला की त्याला सांगतात, 1950 च्या आधीचा पुरावा आण. 1871 च्या कायद्यानं जन्मानं गुन्हेगार ठरवलेले, 1952 साली तो शिक्का पुसला तरी गावोगाव हाकलले गेलेले, ज्यांना एका शिवारात दोन पावसाळे टिकू दिलं नाही, त्यांच्या आज्याची 1950 ची नोंद कुठल्या दप्तरात असणार? दगडाच्या जनावरावर विश्वास अन् जित्या माणसावर अविश्वास, असा हा न्याय आहे.

अन् खरं सांगायचं तर वनहक्क कायद्याच्या नियमांत ही सोय आहे. नियम 13 वाचा. कागद हाच एक पुरावा नाही. घर, बांध, सपाट केलेलं वावर, विहीर, मसणवटा, देवाचं ठिकाण, हे सगळे पुरावे आहेत. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा आहे. म्हणजे भूगर्भवाले जमिनीला जसं वाचतात तसंच आपल्या शिवाराला वाचा, असंच हा नियम सांगतो. आज्याची समाधी हा थर आहे. पडकी विहीर हा थर आहे. बांधावरची जुनी चिंच कुणी लावली ते सांगणारी आजी ही जिती साक्ष आहे. अधिकाऱ्यानं ते वाचायला नकार दिला तर नकार लेखी घ्या. तोंडी 'पुरावा कमी पडतो' ऐकून घरी येऊ नका.

आता हाडं खरोखर कोण नासतं तेही बोलू. शेळी चारणारी बाई नासत नाही. डिंक काढणारा नासत नाही. गोदावरीच्या पात्रात रात्री जी यंत्रं उतरतात, वाळूचे डोंगर करून हायवा भरतात, ती काठच्या जुन्या खडीचे थर फोडतात. डोंगर पोखरून मुरूम नेणारे अन् दगडाची खडी करणारे टेकडीच उचलून नेतात. एका रात्रीत यंत्र जेवढा थर उलथवतं तेवढा आपल्या सगळ्या वस्तीनं शंभर वर्षं कुदळ मारली तरी उलथणार नाही. कितीतरी हाडं अशीच कुणी न बघता सिमेंटच्या कॉलमात गेली असतील. हाड जपायचं म्हणणाऱ्यांनी आधी नदीत उभं राहावं, वाळूच्या गाडीपुढं. मग वस्तीत येऊन आम्हाला वारसा शिकवावा.

कुणी म्हणेल, गावाला हे झेपेल का? शास्त्राचं काम आहे, तुम्ही बारावी शिकलेली पोरं काय करणार? त्यांनी गडचिरोलीतच धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव बघावं. 2009 साली त्या गावाला जवळपास 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. 2011 साली बांबूच्या वाहतुकीचा पास देण्याचा अधिकारही ग्रामसभेनं मिळवला. ते गाव हिशेब ठेवतं, अभ्यासगट चालवतं, बाहेरच्या जाणकाराला बोलावतं अन् निर्णय सगळ्यांच्या संमतीनं घेतं. जे गाव 1,800 हेक्टर जंगल सांभाळू शकतं, तसं गाव दहा गुंठ्यांतली हाडं सांभाळू शकणार नाही का? शास्त्रज्ञ पाहिजेच. हाड कशाचं, किती जुनं, ते तोच सांगणार. पण त्यानं ग्रामसभेचा पाहुणा म्हणून यावं. पाहुण्याला आपण पाणी देतो, भाकरी देतो, वाट दाखवतो. घराची किल्ली मात्र पाहुण्याकडं देत नसतो.

म्हणून प्रत्येक वस्तीनं काय करायचं ते सांगतो.

हाड किंवा घडवलेला दगड दिसला तर उकरू नका, धुऊ नका, फोडून बघू नका. दरड कोसळण्यासारखी असेल तर भोवती काटे टाका. मोबाईलवर फोटो काढा, शेजारी बांगडी किंवा रुपया ठेवा म्हणजे आकार कळेल. तारीख, शिवार, गट नंबर किंवा वनाचा कक्ष क्रमांक लिहा. ज्याला किंवा जिला पहिल्यांदा दिसलं त्याचं नाव ठळक लिहा. ती बाई असेल तर बाईचंच लिहा, तिच्या नवऱ्याचं नाही.

त्यानंतर ग्रामसभा बोलवा. निम्मी माणसं हजर पाहिजेत अन् हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा तरी बाया पाहिजेत, हे विसरू नका. ठराव करा की ही जागा गावानं राखायची ठरवली आहे, ती सामूहिक वनहक्काच्या नकाशात दाखवली आहे, अन् तिथं गुरं चारण्याचे, वाटेचे, पाण्याचे जुने हक्क चालू राहतील. ठरावाची प्रत तहसीलदाराला द्या, एक पुण्याच्या डेक्कन कॉलेजला, एक नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला पाठवा. प्रत्येक ठिकाणची पोच घ्या. पोच नाही तर कागद दिलाच नाही असं समजा.

ज्यांचे वैयक्तिक दावे राहिलेत त्यांनी ते आत्ताच भरावेत. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताबा असलेल्यांनी थांबू नये. हाडाची बातमी बाहेर जाण्याआधी दावा दाखल असला तर कलम 4 ची ढाल हातात राहते. अन् हाड विकत घ्यायला, फुकट न्यायला, संशोधनाच्या नावाखाली पिशवी भरायला कुणी आलं तर त्याला ग्रामसभेपुढं उभं करा. नाव, पत्ता, संस्थेचं पत्र मागा. नेलंच तर काय नेलं, कुठं ठेवलं, परत कधी, हे लिहून घ्या.

सरकारकडं आमच्या मागण्या सरळ आहेत. कुठल्याही हाडाच्या जागेभोवती तार लावण्याआधी त्या शिवारातले सगळे वनहक्क दावे निकाली काढा. ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय जागा जाहीर करू नका. राखणदाराची नोकरी त्याच वस्तीतल्या पोरापोरींना द्या, त्यात पारधी अन् भिल्ल घरांना आधी. निघालेलं हाड जिल्ह्यातच ठेवा, अन् बाहेर न्यावंच लागलं तर त्याची हुबेहूब प्रतिकृती गावच्या शाळेत द्या. सापडवणाऱ्याचं नाव पाटीवर लिहा. नदीतली वाळूची यंत्रं थांबवा.

सिरोंच्याचा तो मोठ्या पायाचा जीव आज कोलकात्यात उभा आहे. त्याला सातबारा लागत नाही. आपल्याला लागतो, कारण आपल्याला अजून नांगरायचंय, पेरायचंय, लेकरं वाढवायचीत. मेलेल्याच्या हाडाला मान द्या, पण जित्याच्या पायाखालची जमीन काढून नको. एवढी साधी गोष्ट आहे. ती पुढच्या ग्रामसभेत मांडा, ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या, अन् ठरावाची एक प्रत आमच्याकडंही पाठवा. पुढच्या अंकात ज्या-ज्या वस्त्यांचे ठराव येतील त्यांची नावं छापू.

जिंदाबाद.